आधी पान, मग मिरवणूक

कीवमधील 'प्राव्दा उक्राइनी' या दैनिकाने २९ एप्रिल १९८६ च्या अंकात, तिसऱ्या पानाच्या तळाशी, काही ओळींची एक बातमी छापली. चेर्नोबिल अणुवीज केंद्रात अपघात होऊन एका अणुभट्टीची हानी झाली आहे, उपाययोजना चालू आहे, बाधितांना मदत दिली जात आहे, सरकारी आयोग नेमण्यात आला आहे, एवढाच तिचा आशय होता. मजकूरही दैनिकाचा नव्हता. तो मॉस्कोहून 'तास' या सरकारी वृत्तसंस्थेकडून आलेला होता. अपघाताला तोवर तीन दिवस उलटून गेले होते, आणि अपघाताची जागा कीव शहरापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास होती.

दोनच दिवसांनी त्याच शहरात, ख्रेश्चातिक या हमरस्त्यावर, मे दिनाची मिरवणूक निघाली. झेंडे, फुगे, फुले, लोकनृत्याच्या वेषातील शाळकरी मुले आणि व्यासपीठावर प्रजासत्ताकाचे नेते. वृत्तपत्रांनी ती नेहमीच्या थाटात छापली. शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ रोजी संप पुकारला होता, त्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे पुरी होत होती. कामगाराच्या शरीराची झीज दिवसातून किती तासांनी थांबावी, या मागणीतून जन्मलेल्या दिवसाची शताब्दी कामगारांच्या मुलांना किरणोत्सर्गी धुळीतून चालवून साजरी झाली.

असे का घडले, याचे उत्तर बहुधा थोडक्यात दिले जाते. सत्ताधारी निर्ढावलेले होते आणि त्यांना घबराटीची भीती वाटत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तथापि निर्ढावलेले सत्ताधारी पुष्कळ देशांत असतात, आणि घबराटीची भीतीही सर्वांनाच असते. कीवमध्ये आणखी एक गोष्ट होती. प्रांतिक वृत्तपत्राचा सणाचा अंक ही तेथे पन्नास वर्षे मुरलेली संस्था होती. काय घडले हे त्या अंकाने सांगावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. काय घडले पाहिजे हे त्यात आधी ठरे, आणि मग ते रस्त्यावर, कारखान्यात व खाणीत घडवून आणले जाई.

सोव्हिएत वृत्तपत्रसृष्टीची रचना ही पक्षाच्या रचनेची हुबेहूब प्रतिकृती होती. शिखरावर मॉस्कोचे 'प्राव्दा'. त्याखाली प्रत्येक प्रजासत्ताकाची दैनिके. युक्रेनमध्ये ती रशियन भाषेतील 'प्राव्दा उक्राइनी' आणि युक्रेनियन भाषेतील 'राद्यान्स्का उक्राइना'. त्याखाली प्रांताचे पत्र, मग शहराचे, मग तालुक्याचे, आणि तळाशी एखाद्या कारखान्याचे वा खाणीचे छोटेखानी पत्र. प्रत्येकाच्या शिरोभागी जगातील कामगारांना एक होण्याचे तेच आवाहन. प्रत्येकाचा संपादक आपापल्या पातळीवरील पक्षसमितीला जबाबदार, आणि मजकूर १९२२ पासून चालत आलेल्या 'ग्लावलित' या सेन्सॉर खात्याच्या नजरेखालून जाणारा. अधिकृत निवेदने, नेत्यांची भाषणे व छायाचित्रे 'तास'कडून येत आणि ती जशीच्या तशी छापावी लागत. त्यामुळे मे दिनानंतरचा अंक खार्किवचा घ्या, ल्विवचा घ्या किंवा ताश्कंदचा, पहिल्या पानावर लेनिनच्या समाधीवर उभे असलेले तेच नेते दिसत, आणि तेही त्याच क्रमाने. कोण कोणाच्या शेजारी उभा आहे यावरून मॉस्कोतील सत्तेचा अंदाज बांधणे, हा परदेशी निरीक्षकांचा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला होता. आपल्याकडे सोव्हिएत सचित्र नियतकालिकांचा गुळगुळीत कागद मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या वह्यांना कव्हरे घालण्यासाठी जपून ठेवला जाई. त्या कव्हरांवरचे हसरे ट्रॅक्टरचालक अनेकांना अजून आठवत असतील. ते परदेशासाठी काढलेले प्रकाशन होते. कीव किंवा दोन्येत्स्क येथील वाचकाच्या हाती पडणारा अंक साध्या कागदाचा असे, परंतु हास्य तेच.

वर्षाचे पंचांगही ठरलेले होते. २३ फेब्रुवारीला सैन्यदिन, ८ मार्चला महिला दिन, २२ एप्रिलला लेनिनजयंती व तिच्या आसपासच्या एका शनिवारी विनावेतन श्रमदान, १ मे, ९ मेचा विजयदिन, ७ नोव्हेंबरचा क्रांतिदिन. खाणकामगार, रेल्वेकामगार, वीजकामगार अशा बहुतेक व्यवसायांना आपापला एकेक दिवस दिलेला होता. ५ मे हा खुद्द वृत्तपत्रांचा दिवस, कारण १९१२ मध्ये त्या तारखेला 'प्राव्दा'चा पहिला अंक निघाला. मे दिन आणि क्रांतिदिन यांच्या आधी केंद्रीय समितीच्या घोषणांची लांबलचक यादी प्रसिद्ध होई व सर्व पातळ्यांवरची पत्रे ती छापीत. मिरवणुकीतील फलकावर कामगाराने काय लिहायचे, हे त्याला त्या यादीवरून कळे.

यादीपाठोपाठ संकल्प येत. अमुक गिरणीच्या कामगारांनी मे दिनाच्या सन्मानार्थ चार महिन्यांची योजना मुदतीपूर्वी पुरी करण्याचे ठरविले आहे, तमुक सामुदायिक शेतीने पेरणी लवकर संपविण्याची शपथ घेतली आहे. संकल्पामागून प्रगतीची वार्ता आणि सणाच्या दिवशी पूर्ततेची वार्ता. या वार्तांतील आकडे नेहमी टक्क्यांत असत. शंभराच्या वर किती टक्के, ते ठळक अक्षरांत छापले जाई. टक्के कशाचे, मूळ योजना किती होती, ती मध्यंतरी गुपचूप खाली आणली होती काय, तयार मालापैकी किती माल वापरण्याजोगा निघाला, याबद्दल अवाक्षर नसे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने जो प्रश्न विचारला नाही तर त्याला नापास करावे, तोच प्रश्न विचारण्याची या पानावर मुभा नव्हती.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना युक्रेनच्याच दोनबास खोऱ्यातला आहे. ३० ऑगस्ट १९३५ च्या रात्री कादियेव्हका येथील 'सेंट्रल-इर्मिनो' खाणीत अलेक्सेय स्ताखानोव्ह हा कामगार उतरला आणि पावणेसहा तासांत त्याने १०२ टन कोळसा काढला. एका पाळीचे नेमून दिलेले प्रमाण सात टनांचे होते. हा विक्रम १ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय युवकदिनाच्या निमित्ताने योजलेला होता. त्या रात्री स्ताखानोव्हबरोबर भुयारात खाणीचा पक्षसंघटक कोन्स्तान्तिन पेत्रोव्ह होता, आणि खाणीच्या वृत्तपत्राचा संपादकही होता. मागोमाग लाकडी टेकू बसवीत येणारे दोन कामगार होते. एरवी हे काम कोळसा काढणाऱ्यालाच हात थांबवून करावे लागे. त्या दोघांचे श्रम विक्रमात धरले गेले नाहीत. पहाटे सहाच्या सुमारास खाणीच्या पक्षसमितीची बैठक भरून हा जागतिक विक्रम असल्याचा ठरावही झाला.

बातमीदार घटनेनंतर पोहोचतो आणि चौकशी करतो, हा या धंद्याचा साधा नियम. येथे संपादक घटनेच्या बरोबरीने खाली उतरला, कारण घटना त्याच्या पानासाठी चालली होती. श्रमविभागणीने उत्पादन वाढते हा त्या रात्रीचा खरा आणि उपयुक्त धडा होता. तो कोणी तिघांच्या नावाने छापला असता तर त्यात काही गैर नव्हते. परंतु सणाला एक वीर हवा होता. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, विक्रमांच्या आधारे देशभरच्या उद्योगांत कामाची प्रमाणे वाढविण्यात आली, आणि ज्यांना टेकू बसविणारे दोघे मिळणार नव्हते त्या सामान्य कामगारांच्या पाठीवर त्या मथळ्याचे ओझे पडले.

त्याच्या तीन वर्षे आधीचा प्रकार अधिक काळा आहे. १९३२ च्या हिवाळ्यात युक्रेनमधील स्थानिक वृत्तपत्रे धान्यवसुलीचा कोटा पुरा न करणाऱ्या गावांची नावे 'काळ्या फळ्या' या सदराखाली छापीत. फळ्यावर नाव लागले की त्या गावच्या दुकानातील माल उचलला जाई व पुरवठा तोडला जाई. दुष्काळ दाराशी येऊन ठेपला होता. क्रांतीचा पंधरावा वर्धापनदिन याच हंगामात साजरा झाला.

सणाची तारीख अशी उत्पादनाची तारीख होऊन बसली. महिनाअखेर, वर्षअखेर आणि सण यांच्या तोंडावर कारखान्यांत जी धांदल उडे, तिला रशियन भाषेत 'श्तुर्मोव्हश्चिना', म्हणजे हल्ला चढवून काम उरकणे, असा खास शब्दच रूढ आहे. महिन्याच्या अखेरच्या दिवसांत तयार झालेली वस्तू शक्यतो घेऊ नये, हे शहाणपण तेथील गिऱ्हाइके अनुभवाने शिकली होती. शिलाईयंत्राच्या बाबतीत असे शहाणपण पुरते. अणुभट्टीच्या बाबतीत गिऱ्हाइकाला निवड नसते.

चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी २२ डिसेंबर १९८३ रोजी वीजजाळ्याला जोडली गेली. सोव्हिएत वीजउद्योगात या तारखेला मान होता, कारण १९२० साली त्याच दिवशी सुरू झालेल्या सोव्हिएतांच्या काँग्रेसपुढे लेनिनची विद्युतीकरण योजना आली होती. वर्ष संपण्याआधी नवी भट्टी सुरू झाली हे सांगता आले. एक चाचणी तेवढी राहून गेली होती. बाहेरचा वीजपुरवठा तुटल्यास, थांबत चाललेल्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीतून पाण्याच्या पंपांना काही क्षण वीज देता येते की नाही, याची ती चाचणी. पुढे ती करून पाहिली तेव्हा साधली नाही. २५ एप्रिल १९८६ च्या रात्री चालू होती ती हीच. सगळा दोष तारखांच्या मोहावर ढकलणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. भट्टीच्या रचनेतच घातक दोष होता आणि तो ती चालविणाऱ्यांपासून दडविलेला होता. परंतु राहिलेली चाचणी राहिली आहे असे वेळीच छापणारे पान त्या राज्यात नव्हते, आणि भट्टीचा दोषही त्याच मौनात सुरक्षित राहिला.

अपघातस्थळाशेजारच्या प्रिप्यात या नव्या शहरात मुलांसाठी एक क्रीडोद्यान उभे राहत होते. त्यातला मोठा पाळणा १ मे १९८६ ला सुरू व्हायचा होता.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. सोव्हिएत वृत्तपत्रे बारमाही केवळ स्तुती करीत, ही समजूत बरोबर नाही. त्यांच्या कचेऱ्यांत वाचकांच्या पत्रांचा ढीग येई. गळके छप्पर, न मिळणारे सुटे भाग, उद्धट दुकानव्यवस्थापक यांवर खरमरीत मजकूर छापून येई, आणि पुष्कळदा त्याची दखलही घेतली जाई. आत्मटीका हे तर पक्षाचे अधिकृत तत्त्व होते. टीकेला उंचीची मर्यादा होती इतकेच. व्यवस्थापकापर्यंत जावे, व्यवस्थेपर्यंत जाऊ नये. सणाच्या दिवशी मात्र तेवढी खिडकीही बंद होई.

या खिडकीतून एका स्त्रीने जितके दूर पाहता येईल तितके पाहिले होते. लुबोव कोवालेव्स्का ही प्रिप्यातच्या 'त्रिबुना एनर्गेतिका' या वीजकेंद्राच्या पत्राची संपादिका. तिचा एक लेख २७ मार्च १९८६ रोजी, म्हणजे अपघातापूर्वी बरोबर एक महिना, लेखकसंघाच्या 'लितेरातुर्ना उक्राइना' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. चेर्नोबिलच्या पाचव्या भट्टीच्या बांधकामातील निकृष्ट साहित्य, विस्कळीत पुरवठा, दामटून कमी केलेली मुदत आणि कामगारांचे खचलेले मन यांचे तिने मुद्देसूद वर्णन केले होते. हा लेख चौथ्या भट्टीविषयी नव्हता आणि त्याने अपघाताचे भाकीत केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण योजना कागदावर पुरी होणे आणि काम खरोखर पुरे होणे यांतील अंतर तिने नाव-गावासह छापले. अपघातानंतर परदेशी पत्रकारांनी तो लेख शोधून काढला, तोपर्यंत त्याची वास्तपुस्त कोणी केली नव्हती.

आता पुन्हा मे दिनाकडे. ३० एप्रिलला वाऱ्याची दिशा बदलली आणि कीवमधील किरणोत्सर्गाचे मान नेहमीच्या कित्येक पटींनी वाढले. प्रजासत्ताकाच्या नेत्यांना ते ठाऊक होते, कारण मोजमापे त्यांच्याकडे येत होती. मिरवणूक रद्द करण्याचा विचार पक्षाचे युक्रेनमधील प्रमुख व्लादिमिर श्चेर्बित्स्की यांनी केला होता, पण मिरवणूक बिघडली तर पक्षातून काढू, असा दम गोर्बाचेव्ह यांनी भरला, अशी हकिकत श्चेर्बित्स्कींच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितली. ती शब्दशः खरी असो वा नसो, १ मे रोजी श्चेर्बित्स्की व्यासपीठावर आले. उशिरा आले, आणि आपल्या नातवाला बरोबर घेऊन आले. मिरवणुकीची वेळ कमी करण्यात आली, तुकड्यांतील माणसे कमी करण्यात आली, पण मिरवणूक निघाली.

नातवाला आणण्यामागचा हिशेब क्रूर होता, आणि तितकाच केविलवाणाही. एका प्रजासत्ताकाचा सर्वाधिकारी पुरुष, ज्याच्या हाताखाली डझनावारी दैनिके, रेडिओ व दूरचित्रवाणी होती, त्याला लोकांचा विश्वास मिळविण्यासाठी स्वतःच्या घरातले मूल पुढे करावे लागले. त्याच्या वृत्तपत्रांवर कोणाचा विश्वास उरलेला नाही, हे त्याच्याइतके चांगले कोणाला माहीत असणार? सणाची पाने तशीच छापली गेली. ५ मेचा वृत्तपत्रदिनही येऊन गेला. ६ मे रोजी कीवहूनच आंतरराष्ट्रीय 'शांतता सायकल शर्यत' सुरू झाली. अनेक देशांच्या संघांनी तीतून अंग काढून घेतले होते. त्याच दिवशी युक्रेनच्या आरोग्यमंत्र्यांनी खिडक्या बंद ठेवाव्यात, घरे ओल्या फडक्याने पुसावीत, असा सल्ला नागरिकांना दिला. एकाच दिवशी सरकार माणसांना घरात बसायला सांगत होते आणि सायकलस्वारांना रस्त्यावर सोडत होते.

लोक तोवर आपापल्या मार्गाने सावध झाले होते. परदेशी रेडिओ, रुग्णालयातील ओळखी, प्रिप्यातहून २७ एप्रिलला हलविलेल्या हजारो माणसांच्या तोंडच्या गोष्टी, यांतून बातमी फुटली आणि कीवच्या रेल्वेस्थानकावर मुलाबाळांसह झुंबड उडाली. घबराट टाळण्यासाठी म्हणून मिरवणूक काढली होती. घबराट झालीच, फरक इतकाच की ती ज्यांच्या ओळखी होत्या त्यांच्यापर्यंत आधी पोहोचली आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांची मुले ख्रेश्चातिकवर चालली. वर्गहीन म्हणविणाऱ्या समाजात माहिती ही अशी नवी मालमत्ता झाली होती आणि तिची वाटणी फार विषम होती. मेच्या मध्यावर शाळा लवकर संपवून लाखो मुलांना शहराबाहेर नेण्यात आले. म्हणजे धोका होता हे मान्य झाले, पण सण पार पडल्यावर.

भांडवलशाही देशांतली वृत्तपत्रे याहून काय वेगळी, असा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि तो विचारलाही पाहिजे. भोपाळचे उदाहरण आपल्यासमोर आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्याचा धोका राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ मध्येच आपल्या 'रपट' या छोट्या हिंदी साप्ताहिकात लिहून ठेवला होता. कोवालेव्स्काकडे कोणी लक्ष दिले नाही, तसे केसवानींकडेही दिले नाही, आणि डिसेंबर १९८४ मध्ये हजारो माणसे गेली. तेव्हा मोकळे वृत्तपत्र असले की आपत्ती टळते, असा दावा कोणी करू नये. नफ्याच्या कानालाही ऐकू न येण्याची सोय असतेच. पण विषारी वायूने माणसे मेल्यावर तिसऱ्या दिवशी भोपाळच्या रस्त्यांवरून मुलांची मिरवणूक काढणे आणि देशातील सर्व पत्रांनी तिची हसरी छायाचित्रे छापणे, हे घडू शकले नाही. नेमका हा फरक क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ख्रेश्चातिकवरच्या मुलांच्या आईबापांना विचारावे.

समाजवाद्यांच्या दृष्टीने या प्रकरणाचा खरा अर्थ आणखी पुढचा आहे. बाजारात टंचाईची खबर किंमत देते. ती निर्दय रीतीने देते, गरिबाच्या ताटातून देते, पण देते. नियोजित अर्थव्यवस्थेत किंमती सरकार ठरविते, म्हणजे ही खबर देणारे साधन नियोजक स्वतःच्या हाताने बाजूला ठेवतो. त्याला ते बाजूला ठेवण्याची सबळ कारणे असू शकतात. मग माल कुठे सडतो आहे, पोलाद कुठे निकृष्ट निघते आहे, कोणती चाचणी राहून गेली आहे, हे त्याला कोणी सांगायचे? खालचा व्यवस्थापक सांगणार नाही, कारण त्याचा बोनस टक्क्यांवर अवलंबून आहे. सांगू शकतो तो कामगार, ग्राहक आणि त्यांचे म्हणणे छापणारा तालुक्याचा वा कारखान्याचा बातमीदार. याचा अर्थ असा की नियोजनाला निर्भय स्थानिक वृत्तपत्राची गरज बाजारपेठेपेक्षा अधिक आहे. सोव्हिएत राज्याने नियोजन ठेवले आणि त्याचे डोळे सणाच्या सजावटीला लावले. मॉस्कोतील नियोजक मग प्रांतिक पत्रांतील जे टक्के वाचत, ते त्यांनीच खाली पाठविलेल्या अपेक्षेचे प्रतिध्वनी होते. लोकांना फसविण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत राज्यकर्ते स्वतःच फसत गेले, आणि त्याचा हिशेब १९९१ मध्ये पुरा झाला.

चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाने कोणते जिल्हे किती दूषित झाले, याचे नकाशे 'प्राव्दा'त मार्च १९८९ मध्ये आले. मधली जवळजवळ तीन वर्षे त्या जिल्ह्यांतील माणसे तेथले दूध पीत होती, मुले तेथल्या रानात खेळत होती, आणि तालुक्याची पत्रे तीन मे दिन व तीन क्रांतिदिन साजरे करून मोकळी झाली होती.

प्रिप्यातचे शहर रिकामे आहे. तेथील 'एनर्गेतिक' या सांस्कृतिक भवनाच्या रंगमंचामागे मे दिनाच्या मिरवणुकीसाठी तयार ठेवलेली पक्षनेत्यांची मोठी चित्रे भिंतीला टेकून उभी राहिलेली होती. पुढे तेथे गेलेल्या छायाचित्रकारांनी त्यांची छायाचित्रे काढून जगभर प्रसिद्ध केली.